तुंबवलेला लाभांश

मित्रांनो, त्या सौद्यात हुसेनचाचांना सरळ एक लाखाचा फायदा होता. तो आकडा माझ्याच काचेवर उमटला होता, आणि तो पाहून धडकीही मलाच भरली होती.

मी त्यांच्या गोठ्यात खुंटीला बांधलेला जुना कॅल्क्युलेटर. माझ्या सातच्या बटणात अजून पेंडीचा चुरा आहे. "ह्यो पैशाला चुकत न्हाय," असं चाचा गिऱ्हाइकांना सांगत तेव्हा मी फुगायचो. मग घरात मोबाइल आला आणि माझ्यावर धूळ बसली.

चाचा म्हशींच्या बाबतीत पक्के. लबाड विक्रेते बाजाराआधी एक वेळ धारच काढत नाहीत. कास तुंबते आणि म्हैस भरघोस दिसते. म्हणून चाचा दोन दिवस स्वतः धार काढल्याशिवाय किंमत बोलत नसत. मित्राची मात्र त्यांनी कधी परीक्षा घेतली नाही.

हा मित्र म्हणजे बिद्रीचा जोतीराम. त्याला एका पंप कंपनीचे दोनशे शेअर पाचशेच्या भावानं विकायचे होते. ते घ्यायला चाचांनी आपली चंद्रा म्हैस लाखाला विकायची ठरवली, मलकापूरच्या गिऱ्हाइकाकडून दोन हजार विसारही घेतला.

कॉलेजात शिकणाऱ्या अर्शीनं, त्यांच्या मुलीनं, त्यांना रीत सांगितली होती. आपल्याला हवा असलेला परतावा घ्यायचा, त्यातून लाभांशाची वाढ वजा करायची आणि उरलेल्यानं पुढच्या वर्षीच्या लाभांशाला भागायचं. आली शेअरची किंमत. चाचांना बारा टक्के हवे होते.

"गेल्या साली नऊ रुपये दिलं, औंदा धा देणार," जोतीराम म्हणाला. "अकरा टक्के वाढ की!"

चाचांनी धूळ पुसून माझी बटणं दाबली. बारातून अकरा गेले, एक टक्का उरला. दहाला त्या एक टक्क्यानं भागलं आणि मी हजार दाखवले.

"हजाराचा माल पाचशेला?" चाचांचे डोळे चमकले. दोनशेनं गुणून त्यांनी माझ्यावर लाखाचा फायदा काढला.

पाचशेवर दहा म्हणजे हातात जेमतेम दोन टक्के, बाकी सगळं आशेवर. पण मला कोण विचारतो?

"वाढ बारा धर की रं, जरा वाढवून!" जोतीराम हसला.

बारातून बारा गेले. आता शून्यानं भागायचं! माझ्या काचेवर नुसता चूक दाखवणारा E थरथरला.

"बिघडलं वाटतं," म्हणत चाचांनी मला गव्हाणीच्या दगडावर आपटलं. माझ्या पाठीला तडा गेला. बाहेर मलकापूरच्या टेंपोनं हॉर्न दिला. चाचा चंद्राचं दावं सोडू लागले, आणि मला वाटलं, आता माझं आणि चंद्राचं, दोघांचंही संपलं.

तेवढ्यात अर्शी कॉलेजातून आली. तिनं मला उचललं आणि चाचांकडून सगळे आकडे ऐकून घेतले.

"अब्बा, हा बिघडलेला न्हाय. वाढ आपल्या अपेक्षेला टेकवली की किमतीला अर्थच उरत न्हाय. काका, नऊच्या आधीच्या साली किती दिलते?"

जोतीरामनं टॉवेलनं मान पुसली. "नऊ रुपये साठ पैसे."

"म्हणजे मधल्या साली कमी दिलं आणि औंदा भरून काढलं. खरी वाढ वर्षाला दोनच टक्के." तिनं बटणं दाबली. बारातून दोन गेले, दहा टक्के उरले. मी शंभर दाखवले.

चाचांनी चंद्राचं दावं पुन्हा खुंटीला बांधलं. "जोत्या, तुंबवलेली म्हस आणलीस की रं माझ्या दारात!"

"आरं, मीबी पाचशेलाच घेतल्यात," जोतीराम खाली बघत म्हणाला. त्यानं शेअरचे कागद खिशात घातले आणि तो शेजारच्या गल्लीत गेला. तिथल्या दुकानातही माझ्यासारखा एक आहे.

मित्रांनो, आम्ही यंत्रं खोटं बोलत नाही, पण तुम्ही घातलेला आकडा कुठून आला हेही आम्ही विचारत नाही. ते तुम्ही विचारा. आणि आम्ही अडलो तर आपटण्याआधी जरा थांबा.

आता हिशेब. सौदा चाचांनी मोडला म्हणून विसार दुप्पट परत गेला, म्हणजे त्यांनी पदरचे दोन हजार भरले. तडा मी सोसला. चंद्रानं काही भरलं नाही, संध्याकाळी नेहमीइतकंच दूध दिलं. वीस हजारांच्या त्या कागदांवरचा ऐंशी हजारांचा तोटा मात्र अजून जोतीरामच्या खिशातच आहे. घेताना तो त्यानं एकदा भरला आहे, आणि पुन्हा भरायला आता शेजारच्या गल्लीत कुणीतरी बटणं दाबतंय.