दारावरचं नाव

मित्रांनो, मी जुनी जीप आहे, आणि जळकुकडी आहे. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी सुखराम मला भंडाऱ्याहून घेऊन आला. तेव्हाही मी जुनीच होते. तो अड्याळकडच्या तलावांत मासे धरायचा. जंगलातल्या तलावापर्यंत दुसरी गाडी जायचीच नाही. वाटेत चिखल, दगड आणि दोन्ही बाजूंनी बोराटीचे काटे. मी मात्र जायची. सुखरामनं माझ्या दारावर पांढऱ्या रंगानं, स्वतःच्या हातानं बायकोचं नाव लिहिलं होतं, यशोदा. यशोदाबाईला वाचता येत नव्हतं, पण एवढं एक नाव ती ओळखायची. बाजाराला निघताना त्यावरून हात फिरवायची आणि मगच आत चढायची. तेव्हा गावात माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

पुढे ती वारली. ते दार मात्र सुखराम रोज ओल्या फडक्यानं पुसायचा.

मग त्याच्या मुलानं, खेमराजनं, नवा पिकअप आणला. भंडाऱ्याच्या भैय्यालालनं त्याला व्हिनाइलचा रॅप चढवला, म्हणजे रंगावर चिकटवायचा चकचकीत पापुद्रा. हिरवागार, आणि बाजूला हा एवढा वाघ. पोरं त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढायची, माझ्या बॉनेटवर कोंबड्या बसायच्या. मेल्यानं अजून एकही तलाव पाहिला नव्हता, आणि तोरा बघा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

खेमराजनं मलाही रॅप करायचं ठरवलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. सुखराम कुरकुरला, काट्यांत हे टिकणार का म्हणाला.

“काट्यायनंच तर रंग जाते, बाबा. म्हणून लावून राहिलो,” खेमराज म्हणाला. पोराची हौस म्हणून सुखरामनं माझी किल्ली त्याच्या हातात दिली.

दुकानात भैय्यालालनंही समजावून पाहिलं. बारीकसारीक ओरखडे पापुद्रा झेलतो, पण बोराटी त्याला फाडते आणि चिखल कडेनं आत शिरतो. शिवाय रंग जुना, पोपडे धरलेला असला, तर पापुद्रा काढताना रंगही सोबत येतो. दारावरचं नाव तेवढं सोडू का, असंही त्यानं विचारलं. झाकलं तरी आत राहतेच ना, असं म्हणून खेमराजनं विषय संपवला. मी सगळं ऐकत होते. मला वाचा असती, तरी मी तोंड उघडलं नसतं. मला वाघ हवा होता.

तसाच वाघ माझ्याही दारांवर चढला आणि आठ दिवस मी मिरवून घेतलं. नवव्या दिवशी पिकअप तलावाच्या वाटेवर रुतला आणि मासे आणायला मलाच जावं लागलं. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. पण बोराटीनं मला दोन्ही बाजूंनी ओरबाडलं. घरी आले, तेव्हा वाघाच्या चिंध्या लोंबत होत्या. खेमराजनं वैतागून एक टोक धरलं आणि खसकन ओढलं.

दारावर नाव नव्हतं. नुसता गंजका पत्रा होता.

नाव त्याच्या हातातल्या तुकड्याला, आतल्या चिकट बाजूवर आलं होतं. सगळी अक्षरं उलटी. सुखरामनं तो तुकडा घेतला. तो रागावला नाही.

“आता मलेबी वाचता येत नाही,” एवढंच म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा त्याची सून डिंपल पुढे आली. तिनं त्याला माझ्या सीटवर बसवलं आणि तुकडा त्याच्या मागे, समोरच्या काचेजवळच्या आरशात दिसेल असा धरला.

“आता पाहा, मामाजी.”

आरशात अक्षरं सुलट झाली होती.

पिकअपला त्याचा रॅप राहू दिलाय, तो आता डांबरी रस्त्यानं बाजाराला जातो. मला साधा तेलरंग दिलाय. काटा लागला की खेमराज ब्रशचा हात मारतो. वाघाचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, जुन्यावर नवं चिकटवण्याआधी एकदा त्यावरून हात फिरवून बघा. खाली कुणीतरी असतं.

तो तुकडा सुखरामनं माझ्या टपाच्या मागच्या दांड्याला तारेनं बांधलाय. रोज सकाळी तो बसतो आणि आधी आरसा नीट करतो. मागचा रस्ता तो नंतर बघतो.