टपालवाल्या काकांचा कप्पा

एन्टरवरून बोट उचललं, आणि मग बाईंच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात त्यांना सगळे 'कप्पेवाल्या बाई' म्हणत. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण त्यांना ते मनातून आवडायचं. रुग्णांच्या नोंदींचा अवाढव्य तक्ता कप्प्याकप्प्यांत विभागून ठेवायचा, हेच त्यांचं काम. पूर्वी वर्षाला एक कप्पा असे. जागा भरली की पहिला, म्हणजे सगळ्यात जुना कप्पा काढून टाकायचा. त्याची प्रत आधीच वेगळी ठेवलेली असायची. पण त्या पद्धतीत सगळं ओझं चालू वर्षाच्या कप्प्यावर पडून मशीन रडायचं, म्हणून गेल्या उन्हाळ्यात बाईंनीच हौसेनं नवी पद्धत आणली. रुग्णाच्या क्रमांकाचं मशीननं एक किचकट गणित करायचं, उत्तराला आठानं भागायचं आणि बाकी उरेल त्या कप्प्यात नोंद टाकायची. आठही कप्प्यांवर ओझं सारखं.

आज सकाळी डिस्क गच्च भरली, बाहेर रांगेत आरडाओरडा सुरू झाला, साहेब डोक्याशी येऊन उभे राहिले आणि बाईंच्या हातानं सवयीनं पहिला कप्पा उडवला. तो आता जुन्यांचा कप्पा नव्हता. ज्यांची बाकी शून्य, ते सगळे त्यात होते. इस्पितळातला दर आठवा माणूस, मग तान्हं बाळ असो की म्हातारा.

"बॅकअप?" साहेबांनी विचारलं.

"गेल्या आठवड्याचा आहे. नंतरचे झालेच नाहीत, डिस्क भरत आली होती."

"मग तोच चढवा आणि विषय संपवा."

"नको साहेब! कॉम्प्युटरवर पेशंटची पाटी कोरी दिसली तर सिस्टर त्याला विचारतील तरी. आठवड्यापूर्वीची दिसली तर त्यांना वाटेल सगळं ठीक आहे. मधल्या दिवसांत कुणाला कुठलं औषध बाधलं, ते त्यात नाहीये हो."

"मग काय भोंग्यावरून सांगू, आमच्या बाईंनी घोळ घातला म्हणून? उद्या पेपरात येईल."

"सांगा की. माझं नाव घेऊन सांगा."

साहेब फोन कानाला लावून बाहेर निघून गेले.

बाईंनी सगळ्यात आधी धाकट्याचा क्रमांक टाइप केला. आईवडिलांमागे त्यांनीच वाढवलेला हा भाऊ पाय मोडून वरच्या पुरुषांच्या वॉर्डात पडला होता. त्याचा क्रमांक त्यांना पाठ होता. बाकी आली पाच. "सुटला," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि लगेच त्यांची त्यांनाच लाज वाटली.

कोण कोण गेलं याची यादी मशीन देऊ शकत नव्हतं, कारण गेलेले त्यात दिसतच नव्हते. प्रत्येक पेशंटच्या मनगटावरची पट्टी वाचायची, क्रमांक मोबाइलवर त्याच गणितात घालायचा आणि बाकी बघायची, एवढाच मार्ग उरला होता. बाई धावत सुटल्या. आधी अतिदक्षता विभाग, मग मुलांचा वॉर्ड, मग बायकांचा. पुरुषांचा वॉर्ड शेवटी ठेवला. तिथे धाकटा सुखरूप होता.

"सिस्टर, माझ्या हातून नोंदी पुसल्या गेल्यात. मी शून्य म्हटलं की त्या पेशंटला विचारल्याशिवाय काही देऊ नका."

"अहो बाई, दुपारची इंजेक्शनं भरून ठेवलीयेत माझी!"

"पाया पडते तुमच्या, थांबवा."

मुलांच्या वॉर्डात एका बाळाची बाकी शून्य आली. त्याची आई म्हणाली, "हो, कालच्या औषधानं त्याचे ओठ सुजले होते." सिस्टरनं हातातली सुई ट्रेमध्ये परत ठेवली. बाईंना वाटलं, निभावतंय.

बायकांचा वॉर्ड उरकून त्या जिना चढू लागल्या आणि अर्ध्यावर त्यांना टपालवाले काका आठवले.

काका धाकट्याच्या शेजारच्या पलंगावर होते. जन्मभर टपालात पत्रं लावलेला माणूस. काल संध्याकाळी त्यांनी बाईंची फिरकी घेतली होती.

"काय कप्पेवाल्या बाई, आमच्या कप्प्यात पत्ता बघून पत्र पडायचं. एका गल्लीतली सगळी एका ठिकाणी. तुमच्यात कसं पडतं?"

"भागाकार करून, काका. शेजारी शेजारी झोपलेले दोघं एका कप्प्यात येतीलच असं नाही."

"म्हणजे शेजारधर्म नाहीच! मी कुठल्या कप्प्यात आहे?"

"उद्या बघून सांगते."

शेजारी शेजारी झोपलेले दोघं. काल स्वतःच सांगितलं होतं, आणि आज भाऊ सुखरूप म्हणून अख्खा वॉर्ड सुखरूप धरला होता. बाईंनी कठडा धरला आणि उरलेल्या पायऱ्या कशा चढल्या ते त्यांना कळलं नाही.

काकांचा पलंग रिकामा होता.

"ताई, काकांना आत नेलंय गं," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "सिस्टर इंजेक्शन द्यायला आली. ते म्हणाले, हे मला चालत नाही, परवाच अंगभर गांधी उठल्या, तुमच्याकडे लिहिलंय बघा. तिनं बघितलं. म्हणाली, इथे तर काहीच नाही आजोबा, उगाच घाबरताय."

बाईंनी वॉर्डातल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. साहेबांनी कुणाला तरी सांगून आठवड्यापूर्वीची प्रत चढवली होती. काकांची पाटी नीटनेटकी दिसत होती. औषधाची बाधा: नाही. बाईंनी खालचा क्रमांक मोबाइलमध्ये घातला. बाकी काय येणार हे त्यांना माहीत होतं, तरी घातला.

काकू पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या. प्रत्येक फोडीचे दोरे काढून बशीत ठेवत होत्या. आतल्या दारातून डॉक्टर आले, त्यांच्यासमोर वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, आम्ही खूप प्रयत्न केला. काका गेले."

काकूंनी हातातल्या फोडीचा दोरा ओढून काढला.

आता आपण बोललो नाही तर कुणीच बोलणार नाही, हे बाईंना कळत होतं. त्या काकूंसमोर खाली जमिनीवर बसल्या. "काकू, त्यांची नोंद माझ्या हातून पुसली गेली. त्यांना ते औषध चालत नाही असं लिहिलेलं होतं. ते खरं सांगत होते."

काकूंनी मान वर केली.

"तुम्हीच का त्या कप्पेवाल्या?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून वाट बघत होते तुमची. मला म्हणाले, आज ती माझा कप्पा सांगायला येणार आहे."

बाईंना 'पहिला' हा शब्द उच्चारता आला नाही.

काकूंनी उरलेलं संत्रं सोललं. फोडी बशीत नीट लावल्या, वर झाकण ठेवलं आणि बशी पलंगाच्या उशाशी सरकवली, काकांच्या हाताला लागेल अशी.