चाकाचा एक फेरा

शिवानीने पंचाक्षरी सरांच्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकावर खडूने जाड रेघ मारली. चाक जिथे टेकलं होतं, तिथे फरशीवर दुसरी मारली.

"ज्ञानोबाकाका, हँडब्रेक काढा. ढकला हळूच."

"पोरी, सरांनी बघितलं तर मला घरी बसवतील की गं." ड्रायव्हरने जिन्याकडे पाहिलं. पण दार उघडून हात आत घातलाच.

लातूरच्या त्या क्लासचे तिन्ही मजल्यांचे कठडे मुलांनी भरले होते. रविवारच्या चाचणीची यादी सकाळी लागली होती. पहिले साठ वरच्या मजल्यावर, सरांच्या बॅचला, बाकीचे तळमजल्यावर. सतरावा प्रश्न साधा होता. चोवीस मीटर प्रतिसेकंद वेगाची कार एकसारखी मंदावत आठ सेकंदांत थांबते, चाकाचा व्यास साठ सेंटिमीटर, तर चाकाचं कोनीय त्वरण किती? त्रिज्या तीस धरली की उणे दहा येतं. उत्तरतालिकेत उणे पाच होतं. बरोबर लिहिणाऱ्यांचे चार गुण बुडाले, वर एक कापला गेला. शिवानीच्या खोलीतली दामिनी त्यातच पासष्टावी झाली.

"छापताना त्रिज्येच्या जागी व्यास पडलाय," सरांनी सकाळी वर्गात सांगून टाकलं होतं. "त्रिज्याच साठ आहे. यादी बदलणार नाही."

गाडी सरकली. चाकावरची रेघ वर गेली, पुढून उतरली, पुन्हा जमिनीला टेकली.

"बस, काका!" शिवानी तिथे खडू टेकवते न टेकवते तोच सर जिना उतरून आले.

"काय तमाशा लावलाय?"

"चाकाचा एक फेरा मोजायलेय, सर. फरशी दोन फुटी हाय. तीन भरल्या, वर दोन इंच. त्रिज्या साठ असती तर सहा ओलांडल्या असत्या."

"ही माझी गाडी आहे. प्रश्नातली वेगळी."

"व्हय सर. तिला ट्रॅक्टरचं चाक बसवलं असंल."

कठड्यांवर खसखस पिकली. सरांनी वर पाहिलं, तशी ती थांबली.

"एक वर्ष घालवून उदगीरहून पुन्हा आलीस, आणि मला शिकवतीस?"

"शिकवत न्हाई. मोजा म्हणते." तिने खडू पुढे केला. "तुम्ही मोजल्याबिगर मी हलणार न्हाई."

सरांनी खडू घेतला नाही. पण त्यांची नजर एका रेघेपासून दुसरीपर्यंत फरशी-फरशीने गेली. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"मैत्रिणीचा पुळका की स्वतःचे गुण, बघू तरी." स्क्रीनवरून फिरणारा अंगठा थांबला. "अठ्ठावन्नावी. अगं, तू तर उणे पाचच लिहिलंयस."

"घाईत व्यास निम्मा करायचा राहिला."

"मग? दुरुस्त केलं तर तू खाली जाशील."

"सत्तराच्या पुढं. काढलंय मी."

वरून दामिनीने हाक मारली. शिवानीने वर पाहिलं नाही.

"ज्ञानोबा, गाडी मागं घे," सर म्हणाले.

चाक उलटं फिरून पहिल्या रेघेवर आलं. मधल्या तीन फरश्या मोकळ्या झाल्या. सर त्यांच्याकडे पाहत, यादी लावलेल्या नोटीसबोर्डापाशी उभे राहिले.

शिवानीने दप्तर उचललं, खडूचे हात ओढणीला पुसले आणि यादी उतरण्याची वाट न पाहता तळमजल्याच्या वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसली.