देओलिंदाच्या दारातला क्रूस

पोर्तुगालच्या मिन्यो प्रांतातल्या त्या गावाचा ईस्टरच्या रविवारचा नियम साधा होता. ज्या उंबऱ्यावर फुलं, त्या घरात क्रूस. उंबरा कोरडा दिसला की पाद्री, घंटीवाला आणि क्रूस धरणारा न थांबता पुढच्या दाराला जात.

गेल्या वर्षी नवरा नुकताच गेलेला, म्हणून देओलिंदानं दार लोटून घेतलं होतं. यंदाही क्रूस तसाच पुढे गेला असता, तर नवऱ्यामागं ते घरही गेलं असं गावानं धरलं असतं. समोर राहणारी नणंद झुल्मिरा म्हणालीच होती, "वहिनी, तुझं घर राहिलंय कुठं? पाच खोल्या नि पाच किल्ल्या. क्रूस घरात येतो गं, लॉजात नाही."

देओलिंदा पहाटेच उठली. कॅमेलियाच्या पाकळ्या आणि रोझमेरीच्या काड्या घालून तिनं उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत गालिचा घातला. मग न्हाली, ठेवणीतलं पोलकं घातलं, टेबलावर केक मांडला आणि दाराशी आली.

उंबरा आरशासारखा लखलखत होता. शेजारी झाडू घेऊन आन्सेल्मो मास्तर उभे. लिस्बनचे निवृत्त शिक्षक, तीन आठवड्यांपासून भाड्यानं राहणारे पाहुणे. तेवढ्या काळात त्यांनी घरातल्या सगळ्या तसबिरी सरळ केल्या होत्या आणि एकूण एक कुरकुरत्या दाराला तेल पाजलं होतं.

"बाई, काय लोक असतात! दारात केवढा पाला टाकला होता कुणीतरी. झाडून काढला. पाणीसुद्धा मारलं."

"कुठं टाकलात?"

"डब्यात. वरून चुलीतली राख ओतली. माशा नकोत."

कोपऱ्यावर घंटी वाजली.

देओलिंदा धावत रस्ता ओलांडून गेली. झुल्मिराच्या दारात घोटाभर पाकळ्या होत्या.

"दोन ओंजळी दे गं!"

"दिल्या असत्या, वहिनी. पण मांडलेला उंबरा विस्कटू नये म्हणतात." झुल्मिरानं असं तोंड केलं, जणू नियम तिच्या आजोबांनीच केला होता.

देओलिंदा उलट्या पावली स्वयंपाकघरात शिरली. परातीत दुपारच्या सुपासाठी कोबीची हिरवीगार पानं केसासारखी बारीक चिरून, लसूण घालून ठेवली होती. तिनं परात उचलली आणि उंबऱ्यावर पालथी केली.

"बाई, सूप!" मास्तर किंचाळले.

"मास्तर, तोंड बंद, हात चालू!"

मास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कोबी पसरली. कडा अर्थातच सरळ रेषेत.

घंटी दाराशी थांबली. फादर बेल्मिरोंनी खाली पाहिलं, मग वास घेतला.

"देओलिंदा, हे..."

"हिरवं चालतं ना, फादर?"

"हिरवं चालतं." ते जरा वाकले. "लसणीचं काय, ते बघावं लागेल."

पण पाऊल त्यांनी आतच टाकलं. घरावर पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "क्रूसाला ओठ लावायला घरची माणसं बोलवा."

देओलिंदानं इकडंतिकडं पाहिलं. समोरच्या खिडकीत झुल्मिरा मान लांब करून बघत होती. जिन्यात तीन नंबरच्या खोलीतला औषधविक्रेता उभा होता, अर्धी दाढी केलेला. मागे नवं लग्न झालेलं जोडपं, अनवाणी.

"हीच," देओलिंदा म्हणाली. "या रे, रांगेत या."

सगळे निमूट गुडघे टेकून बसले. मास्तरांनी क्रूसाला ओठ लावले, मग खिशातून रुमाल काढून क्रूस वरपासून खालपर्यंत पुसला. मागची बाजूसुद्धा.

"घरचाच दिसतोय," फादर पुटपुटले. "असला एक आमच्याकडेही आहे."

शेवटी देओलिंदा. तिचे ओठ रीतीपेक्षा जरा जास्तच वेळ टेकलेले राहिले. घंटीवाला खाकरला, पण क्रूस कुणी मागे घेतला नाही.

मंडळी गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "बाई, आता झाडू का?"

"हात लावून बघा! खोली रिकामी करायला लावीन."

कोबी तिथंच राहिली. थोड्या वेळानं झुल्मिराच्या कोंबड्या रस्ता ओलांडून कोबीवर तुटून पडल्या. त्यांना हाकलत झुल्मिरा आली, उंबऱ्यापर्यंत आलीच आहे तर केकही बघू म्हणाली, आणि आत येऊन दोन तुकडे खाऊन गेली.