दाबलेला खोकला

वखारवाल्यांचा खोकला अख्ख्या गल्लीला पाठ होता. आधी दोन लहान, कोरडे, कुणी दारावर टकटक करावी तसे, आणि मग एक लांबलचक, करवत लाकडाच्या गाठीत अडकावी तसा. उभा जन्म भुसा नाकातोंडात गेल्यावर दुसरं काय होणार? वखार विकली, लाकूड गेलं, भुसा गेला, खोकला मात्र रुसलेल्या जावयासारखा ठाण मांडून बसला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं होतं की काळजीचं काही नाही, सवयीचा आहे. वखारवाल्यांनाही त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. उलट बोलण्याआधी दोनदा खोकलं की समोरचा माणूस नीट ऐकतो, असा त्यांचा अनुभव होता.

या हिवाळ्याच्या सुट्टीत मात्र त्याच खोकल्यानं त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

त्यांची मुलगी मोठ्या शहरात एका वाद्यवृंदात चेलो, ते गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, वाजवायची. लहानपणी तिचे गाल लाकडी बाहुलीसारखे गोल आणि लाल होते म्हणून वखारवाले तिला ठकी म्हणत, आणि तिशी उलटली तरी ती ठकीच राहिली होती. वाद्यवृंदात ती अजून हंगामी होती. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणाला गेलं की हिला बोलावणं. यंदा पहिल्यांदाच सुट्टीतल्या मोठ्या कार्यक्रमात तिला एकटीनं वाजवायचा लांब तुकडा दिला होता. त्याचं रेडिओसाठी ध्वनिमुद्रण होणार होतं, आणि तेवढ्यावरून तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

"तुम्ही दोघं आठवडाभर आधीच या," तिनं फोनवर सांगितलं होतं. "सुट्टीत इथे नुसती रेलचेल असते. मजा करू."

मजा कसली, वखारवाल्यांच्या नाकीनऊ आले. पहिल्याच दिवशी एका जुन्या ग्रंथालयाच्या जिन्यावर समूहगान होतं. पायरी-पायरीवर गाणारे उभे, खाली लोक कोट सावरत बसलेले. गाणाऱ्यांनी आवाज उतरवत उतरवत अगदी सुतासारखा बारीक केला आणि वखारवाल्यांच्या घशात भुसा जागा झाला. दोन लहान, एक लांब. पुढच्या रांगेतल्या बाईंनी नुसती मान वळवली नाही, त्या अख्ख्या वळल्या. दुसऱ्या दिवशी पियानोच्या कार्यक्रमात एका मफलरवाल्या गृहस्थांनी मध्यंतरात जवळ येऊन सांगितलं, "बरं नसेल तर माणसानं घरी आराम करावा." गंमत अशी की रस्त्यावर, थंडगार वाऱ्यात, खोकल्याचा पत्ता नसायचा. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, तसा सभागृहात बसलं की यांना खोकला सुचायचा.

तिसऱ्या कार्यक्रमापासून त्यांना संगीत ऐकूच येईनासं झालं. सगळे कान स्वतःच्या घशाकडे. आता शांत जागा येणार, आली, गेली, पुढची कधी? टाळ्या सुरू झाल्या की ते एवढ्या जोरात वाजवत की शेजारच्यांना वाटे, किती रसिक माणूस. खरं तर टाळ्यांच्या आड खोकून घ्यायचा तो बेत असे.

त्यांची पत्नी, जिला सगळे माई म्हणत, ती तर हात धुऊन मागे लागली होती. तिनं घशाच्या गोळ्या आणल्या. कागदाची कुरकुर होऊ नये म्हणून वखारवाल्यांनी त्या घरीच सोलून खिशात टाकल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गोळ्या मिळून एक ढेकूळ झालं आणि त्याला कोटाची लोकर चिकटली.

"पोरीच्या कार्यक्रमात खोकलात तर बघा," माई म्हणाली.

"मी काय हौसेनं खोकतो का?"

"हौसेनं नाही. पण वेळ बघून खोकता, हे खरं."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ठकी दोघांना रिकामं सभागृह दाखवायला घेऊन गेली. सरावाच्या खुर्च्या मांडल्या होत्या, एक माणूस गुडघ्यावर बसून वायर चिकटवत होता. वखारवाल्यांनी सवयीनं स्टेजच्या फळीवर हात फिरवला, बोटानं ठोकून पाहिलं आणि लाकूड चांगलं वाळलेलं आहे असा निकाल दिला. मग त्यांचं वर लक्ष गेलं. छतापासून बारीक तारांना काहीतरी लोंबत होतं.

"हे काय गं?"

"माईक आहेत, बाबा. टाचणी पडली तरी येते त्यात." ठकी स्टेजवर जाऊन आपल्या खुर्चीत बसली. "इथून मात्र खालचं काही दिसत नाही. दिवे डोळ्यांवर येतात. सगळा काळोख."

ती कौतुकानं सांगत होती आणि वखारवाले वरच्या तारा मोजत होते. टाचणी येते, मग करवत तर येणारच. उद्या आपली पोर जीव ओतून वाजवणार, आणि तिच्या सुरांवर आपला खोकला कायमचा बसणार, पॉलिशखाली माशी अडकावी तसा. येतच नाही म्हणावं, तर तिचं मन मोडायचं. शाळेच्या संमेलनांपासून त्यांनी तिचा एकही कार्यक्रम चुकवला नव्हता. वखार बंद करून धावतपळत जायचं, मागच्या दाराशी उभं राहून दम खायचा, खोकायचं. नशीब असं की ते पोचेपर्यंत तिचं वाजवणं कधी सुरू झालेलं नसे. दाराशी आले की सुरू व्हायचं. आपला पायगुण, असं ते माईला फुशारकीनं सांगत.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी सकाळपासून गरम पाण्याशिवाय काही घेतलं नाही, कुणाशी फारसं बोलले नाहीत. कोट ठेवायच्या खिडकीपाशी गळ्यातला मफलर तेवढा परत मागून घेतला. वेळ आलीच तर तोंडात कोंबायला. खुर्ची मुद्दाम कडेची घेतली होती.

पहिला तुकडा ढोल आणि तुताऱ्यांनी दणदणीत होता. तो बरा गेला. नंतरचा सगळ्यांनी मिळून हळू वाजवायचा होता आणि त्याला जोडूनच शेवटचा, ठकीचा. त्या हळू तुकड्याच्या मध्यावर घशात पहिला कण हलला. वखारवाल्यांनी श्वास रोखला. कण सरकला. त्यांनी आवंढा गिळला, जीभ टाळूला लावली, मफलर दातांत धरला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेजारच्या बाईंनी हळूच रुमाल पुढे केला, त्यांना वाटलं हे सुरांनी हेलावले आहेत. माईनं अंधारात त्यांच्या दंडाला चिमटा काढला. तेवढ्यात सगळी वाद्यं थांबली, वादकांनी पानं उलटली, आणि त्या खुसफुशीत वखारवाले उठून वाकत वाकत दाराकडे निघाले.

दार मागे लागलं. बाहेर दारावरच्या बाई उभ्या होत्या.

"काका, आता हा तुकडा संपेपर्यंत आत सोडता येणार नाही हं."

"माहीत आहे," वखारवाले म्हणाले, आणि खोकायला तोंड उघडलं. खोकला आलाच नाही. डॉक्टरच्या पायरीवर दाढदुखी पळावी तसा पळाला.

ते भिंतीला टेकून राहिले. लेकीचा आयुष्यातला सगळ्यात मोठा कार्यक्रम आणि बाप दाराबाहेर, घसा ठणठणीत. त्यांना रडू आलं. पण मनाशी म्हणाले, नाही दिसली तर नाही दिसली, आपल्या पायी तिचं नुकसान तरी होणार नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी दारावर एक छोटा स्पीकर होता, त्यातून आतलं ऐकू येत होतं. ते त्याच्याखाली जाऊन उभे राहिले.

आतली खुसफूस विरली. आता सुरू होईल.

झालं नाही.

स्पीकरमधून नुसती शांतता येत होती. कुणाची तरी खुर्ची किंचित कुरकुरली. पुन्हा शांतता. दारावरच्या बाईंनीही वर स्पीकरकडे बघितलं.

"काय झालं हो?" वखारवाल्यांनी विचारलं.

"काय की. एवढा वेळ लागत नाही."

वखारवाले दाराकडे सरकले. विसरली. पोरगी विसरली. नाहीतर तार तुटली असेल. नाहीतर बसल्या जागी चक्कर. वर ते माईक लोंबताहेत आणि त्यांत ही शांतता भरली जातेय. नोकरी गेली, पण नोकरीचं मरो, तिला काय होतंय? त्यांनी दाराच्या मुठीवर हात टाकला. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

आणि स्पीकरमधून खोकला आला. आधी दोन लहान, कोरडे. मग एक लांबलचक, गाठीत अडकलेला.

वखारवाल्यांचा हात आपसूक स्वतःच्या तोंडावर गेला. तोंड बंद होतं.

त्यानंतर चेलो सुरू झाला. खालच्या पट्टीतून, घाई न करता, घरच्या माणसाशी बोलल्यासारखा. त्या आठवड्यात पहिल्यांदा वखारवाल्यांनी संगीत ऐकलं, तेही दाराबाहेर, मान वर करून. दारावरच्या बाई एकदा काहीतरी म्हणाल्या, ते त्यांच्या कानावर गेलं नाही.

टाळ्या थांबेपर्यंत त्यांना धीर नव्हता. माई गर्दीतून वाट काढत बाहेर आली तसं त्यांनी तिला कोपऱ्यात घेतलं.

"आत कोण खोकलं?"

"तुम्ही," माई म्हणाली.

"मी तर बाहेर होतो."

"ते आपल्या दोघांतच ठेवा." तिचा आवाज घोगरा झाला होता. "पोर मान वर करून काळोखात बघत बसली होती. शाळेत बसायची तश्शी. मला एकदम कळलं ती कशाला थांबलीय. आता जास्त विचारू नका."

वखारवाल्यांना काही उमगलं नाही. तेवढ्यात ठकीच आली, काळ्या पोशाखात, घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिनं बापाचे हात धरले. तिचे हात बर्फासारखे होते.

"किती उशीर लावलात, बाबा. मला वाटलं तुम्ही उठून गेलात."

"उशीर? कशाला?"

"खोकायला." ती हसली, पण डोळे भरलेले होते. "मला तिथून कधीच काही दिसत नाही. शाळेत असल्यापासून तुमचा खोकला आला की मला कळतं, बाबा पोचले. मग सुरू करायचं. आठवडाभर सगळीकडे खोकलात, आणि आज नेमके गप्प. माझा हात उचलेना. आमचे संचालक सर माझ्याकडे बघतायत, सगळे बघतायत, आणि मी आपली वाट बघत बसलेय."

वखारवाल्यांनी गळ्यातला मफलर चाचपला. इतकी वर्षं जो आपला पायगुण म्हणून मिरवला तो हा होता, आणि तोच आज ते मफलरमध्ये कोंबून दाराबाहेर घेऊन गेले होते.

"मग आता नोकरीचं?" माईनं विचारलं.

"सर म्हणाले, सुट्टीनंतर तुझी खुर्ची रोज मांडलेली असेल." ठकीनं नाक पुसलं. "ध्वनिमुद्रणवाले विचारत होते, तेवढा खोकला काढून टाकू का. मी म्हटलं, राहू दे. पण बाबा, तुमचा घसा बसलाय का? आज जरा बारीक वाटला."

वखारवाल्यांनी माईकडे पाहिलं. माई छताकडे बघत होती.

"हो," ते म्हणाले, "थंडीनं बसलाय जरा."

आणि आता, सगळं उरकल्यावर, त्यांना खरा खोकला आला. दोन लहान, एक लांब. माईनं सवयीनं पिशवीत हात घातला, घशाची गोळी काढली आणि स्वतःच्याच तोंडात टाकली.