अर्ध्या दाढीवर आजोबा

न्हाव्याचा फोन वाजला तेव्हा गणिताच्या मास्तरांचा डावा गाल गुळगुळीत झाला होता आणि उजव्यावर अजून फेस होता.

"अहो, नात झाली!" बायको फोनवर ओरडत होती. "मायलेकी दोघी ठणठणीत आहेत. या लवकर!"

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला आणि सवयीने बाकावर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. अप्पांनी ब्याऐंशी ओलांडली होती, पण दुकानात कायदा त्यांचाच. आभाळ कोसळलं तरी गिऱ्हाईक अर्धवट सोडायचं नाही! आज आई झालेली हीच लेक जन्मली तेव्हा त्यांनी न्हाव्याला तीन दाढ्या उरकल्याशिवाय हलू दिलं नव्हतं.

"अप्पा, मास्तरांचं आटोपतो आणि लगेच..."

"आटोपतोस काय? पळ!" अप्पा काठी विसरून उठले. "शटर ओढ!"

"आणि मी?" मास्तर फेसातून म्हणाले.

"तुम्हीपण चला!"

तिघे एका रिक्षात कोंबले गेले. मास्तरांच्या गळ्यात अजून दुकानाचं कापड. न्हाव्याला हसू फुटलं ते आवरेना. त्याचं बघून अप्पा हसू लागले आणि कारण नसताना रिक्षावालाही. मास्तर तर प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीत डोकावून सांगत होते, "आम्हाला नात झाली!"

दवाखान्यात नर्सने विचारलं, "बाळाचे वडील कोण?"

"मी!" न्हावी म्हणाला.

"मी!" अप्पा म्हणाले.

भिंतीला टेकून आनंदाने रडणाऱ्या जावयाचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. नर्सने कपाळावर हात मारून घेतला.

बाळ हातोहात फिरत अप्पांच्या मांडीवर आलं. मुठीएवढं तोंड, त्यात हे भलंमोठं जांभईचं भोक. अप्पा बघतच राहिले.

न्हाव्याने हळूच विचारलं, "अप्पा, मी जन्मलो तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"दुकानात. खुर्चीत कुणीतरी होतं."

"कोण?"

अप्पांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "नाही रे आठवत," ते म्हणाले, आणि बाळाचं दुपटं सारखं करू लागले. "कोण होता मेला, काही केल्या आठवत नाही."

न्हाव्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात बाळ शिंकलं. एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी शिंक! पण सगळी खोली अशी खदखदून हसली, की नर्स धावत आली आणि "बाळ-बाळंतीण सोडून सगळे बाहेर!" म्हणाली. बाहेर कुणीच गेलं नाही.