काही तक्रार नाही, साहेब!

मी एक पाय बोलतोय. डावा, गुडघ्याखालचा. पाय कधी बोलतो का, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यांनी बोलायला हवं होतं ते आयुष्यभर मूग गिळून बसले, तेव्हा मला तोंड उघडणं भाग पडलंय. सध्या माझा मुक्काम सरकारी भांडारातल्या एका लोखंडी फळीवर आहे. घोट्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर एकच शब्द लिहिलाय, 'जमा'. शेजारी एक उजवा पाय आहे, पण आमची जोडी काही जमत नाही. तो कुणा उंच माणसाचा होता आणि अजून त्याच तोऱ्यात असतो.

माझा जन्म इथेच, मागच्या कार्यशाळेत झाला. पत्र्याच्या छताखाली दोन खोल्या. एकीत प्लास्टरचे साचे वाळत पडलेले, दुसरीत तयार पाय खुंट्यांना टांगलेले. आमच्या जातीत प्रत्येक जण एकाच माणसासाठी घडतो. माणसाच्या उरलेल्या पायाचा साचा घेतात आणि त्यावरून वरची खोबण बनवतात. तिला तिथे सगळे सॉकेट म्हणतात. सॉकेट नीट बसलं तर आम्ही पाय. नाही बसलं तर नुसतं ओझं.

मी घडलो तो आमच्या फौजींसाठी. गल्लीत सगळे त्यांना फौजीकाकाच म्हणतात. सरहद्दीवर गस्त घालताना सुरुंगावर पाय पडला, ते माझ्या आधीचं. त्याबद्दल मला फार माहिती नाही, कारण ते कधी बोलत नाहीत. मला त्यांच्या हाती देताना कारागीर म्हणाला, "माणसाचं अंग बदलत जातं, पाय बदलत नाही. सैल वाटला की लगेच या. अंगावर काढू नका."

फौजी ताठ उभे राहून म्हणाले, "होय, साहेब!"

कारागीर काही साहेब नव्हता. प्लास्टरने माखलेला बनियन घालून उभा होता बिचारा. पण फौजींच्या लेखी समोरून काही सांगणारा प्रत्येक माणूस साहेबच.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! पहिल्यांदा आम्ही घरचा जिना चढून वर गेलो, तेव्हा काकी ओले कपडे हातात घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, चालताय की!" एवढंच म्हणाल्या आणि कपडे तसेच खाली ठेवून आत निघून गेल्या. त्या आत का गेल्या ते आम्हा दोघांनाही कळलं. मला तर त्या दिवशी जमिनीवर पाऊल टेकवत नव्हतं.

फौजी रोज सकाळी दोन्ही बूट घासायचे. उजव्याला जेवढं पॉलिश, तेवढंच मला. पँटची इस्त्री अशी की घडीवर बोट ठेवायची भीती वाटावी. रस्त्याने जाताना कुणाला कळायचंही नाही की ह्यातला एक पाय सरकारी आहे. त्याचा मला अभिमान होता. आता वाटतं, जरा कळायला हवं होतं.

आता त्यांची एक खोड सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. पलटणीत रोज सकाळी अधिकारी रांगेपुढून जायचा आणि विचारायचा, "कुणाला काही तक्रार?" सगळी रांग एका आवाजात ओरडायची, "नाही, साहेब!" त्या रांगेत कुणाला ताप असायचा, कुणाची टाच सोलवटलेली असायची, कुणाच्या घरून वाईट बातमी आलेली असायची. उत्तर मात्र तेच. नोकरी सुटली, रांग सुटली, पण ते उत्तर काही सुटलं नाही. एकदा न्हाव्याने कानाजवळ चांगलं कापलं. घाबरून त्याने विचारलं, "लागलं का काका?" तर म्हणे "छे!" आणि कॉलर लालभडक.

वर्षं गेली. कारागीर म्हणाला होता तसंच झालं. त्यांचा उरलेला पाय वाळत, आकसत गेला आणि माझं सॉकेट होतं तेवढंच राहिलं. मी आत डगडगू लागलो. त्यांनी काय करावं? उरलेल्या पायावर एकाच्या जागी दोन मोजे घातले. मग तीन. माझा तळवा फुटला तेव्हा सायकलवाल्याकडून ट्यूबचं ठिगळ लावून घेतलं. कारागिराकडे जायचं नाव नाही. मी दर पावलाला आत घासत होतो आणि हा माणूस वर छाती काढून चालत होता. मला ओरडता आलं असतं तर मी भर रस्त्यात ओरडलो असतो.

दर काही वर्षांनी आमची सरकारी तपासणी असायची. पाय चांगला आहे की बदलायचा, ते तिथे ठरतं. आणि तपासणी म्हटलं की सैनिक आधी सामान चमकवतो. ती सवय हाडीमाशी खिळलेली. आदल्या दिवशी फौजी माझ्या भेगा रंगाऱ्याची लांबी भरून बुजवायचे, वरून रंगाचा हात द्यायचे, नवा पट्टा लावायचे. नवरदेवासारखा नटवून मला डॉक्टरांपुढे उभं करायचे. डॉक्टर विचारायचे, "काही त्रास?"

"काही तक्रार नाही, साहेब!"

डॉक्टरांना तरी दोष कसा द्यायचा? बाहेर ही रांग, समोर ताठ उभा माणूस आणि त्याचा चकचकीत पाय. त्यांनी लिहिलं, 'पाय सुस्थितीत. बदलण्याची गरज नाही.' आणि आम्ही लंगडत घरी.

हे बिंग फोडलं ते काकींनी. घरात कधी पाण्याचा पेला न विसळणारा नवरा न्हाणीघरात दार लावून मोजे धुतोय, हे पाहून त्यांना शंका आली. त्यांनी दार ढकललं. बादलीतलं पाणी लाल झालं होतं.

"हे काय आहे?"

"काही नाही गं. जरासं खरचटलंय."

काकींनी त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. जखम खोल चालली आहे. हाडाला लागली तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. "गुडघा आहे तोवर तुम्ही चालाल. तो गेला की घरातला जिनासुद्धा डोंगर होईल. हा पाय वापरायचा नाही. नीट बसणारा नवा घ्या, लवकर." फौजी "होय" म्हणाले आणि बाहेर येऊन मलाच चढवून घरी गेले. आता ह्याला काय म्हणायचं?

तेव्हा काकी सिस्टरकडे गेल्या. सिस्टर म्हणजे लष्करी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या माजी सैनिकांसाठी मदत केंद्र चालवतात. एक टेबल, चार खुर्च्या आणि त्यांचा खणखणीत आवाज, एवढंच तिथलं सामान. त्यांचा सगळ्यात मोठा ताप म्हणजे मदत मागायला आलेले लोक मदतच मागत नाहीत. सगळे "सहज आलो होतो" म्हणतात. एक जण कितीतरी वेळ हवापाण्याच्या गप्पा मारून उठला आणि दारातून म्हणाला, "तशी माझी पेन्शन बंद आहे बरेच दिवस, पण घाई नाही." सिस्टरांनी त्याला हाताला धरून परत बसवलं.

त्यांनी आमच्यासाठी दहा ठिकाणी खेटे घातले, शब्द टाकले आणि खास तपासणीची तारीख मिळवली. आत फक्त फौजींनाच सोडलं. मला आदल्या दिवशी पॉलिश झालं होतंच. थोड्या वेळात आम्ही बाहेर आलो.

"काय म्हणाले डॉक्टर?" सिस्टरांनी विचारलं.

"चांगला माणूस आहे. त्रास आहे का म्हणून आपुलकीने विचारलं."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

फौजी बुटांकडे बघू लागले. काकी म्हणाल्या, "अहो, बोला ना!"

"सवयीने गेलं तोंडातून."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "काका, मी त्या तारखेसाठी कुणाकुणाचे पाय धरले माहीत आहे? आणि तुम्ही आत जाऊन पुन्हा तेच? गुडघा जाईल तुमचा! कळतंय का?"

"तक्रार कशी करायची, सिस्टर?" फौजी हळू आवाजात म्हणाले. "त्या गस्तीवर आम्ही तिघं होतो. बाकीचे दोघं परत आलेच नाहीत. आणि मी पायाचं रडगाणं गाऊ?"

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. काकी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. सिस्टरांचा राग कुठल्या कुठे गेला. त्या फौजींच्या शेजारी बाकावर टेकल्या. मग सिस्टरांनी भलताच प्रश्न विचारला.

"काका, रायफल नादुरुस्त झाली तर काय करायचात?"

"वर कळवायचो. ताबडतोब. न कळवणं म्हणजे गुन्हा."

"म्हणजे तक्रार करायचात?"

"छे छे! तक्रार कसली? तो अहवाल."

"बरं. हा पाय कुणाचा?"

"सरकारचा."

"म्हणजे सरकारी सामान नादुरुस्त आहे आणि तुम्ही इतकी वर्षं कळवलेलं नाही."

फौजींचा चेहरा पडला. रंगेहाथ पकडल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. सिस्टर उठता उठता म्हणाल्या, "पुढच्या तारखेला अहवाल द्यायचा. आणि यापुढे पॉलिश करायचं नाही, रंग लावायचा नाही. हुकूम समजा."

खरं सांगतो, जखमेने त्यांना जेवढं छळलं नाही तेवढं त्या हुकमाने छळलं. तपासणीच्या सकाळी पॉलिशच्या डबीकडे सारखा हात जात होता. शेवटी काकींनी डबी पदराखाली लपवली.

डॉक्टर तेच होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत फौजींनी मला काढलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं आणि टेबलाचा काठ धरून एका पायावर ताठ उभे राहिले. "अहवाल, साहेब. सामान, डावा पाय. सॉकेट सैल, चार मोजे घालावे लागतात. तळवा फुटलेला, ठिगळ लावलंय. घोटा बाहेर फिरतो. परिणाम..." मग त्यांनी पँट वर केली. "परिणाम हा, साहेब."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी आपण तक्रार विचारली होती, साहेब."

नवा पाय मंजूर झाला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण सरकारी काम ते! भांडारातला कारकून म्हणाला, जुना पाय जमा करा, मग नव्याची नोंद होईल, मग माप, मग साचा, मग पाय.

"आणि तोवर काय उडत जायचं त्यांनी?" सिस्टर कडाडल्या.

"नियम आहे, मॅडम. एका माणसाच्या नावावर एका वेळी एकच डावा पाय."

सिस्टर भांडल्या, वरपर्यंत जाऊन आल्या, पण व्यर्थ. मला जमा करायच्या सकाळी फौजींनी काकींकडून पॉलिशची डबी मागून घेतली. हुकूम मोडून माझा बूट घासला. खूप वेळ घासला.

तेव्हापासून मी इथे आहे. नव्या पायाचं म्हणाल तर आधी प्लास्टर संपलं. मग कारागिराची बदली झाली. मग माप घेतलं, तर साचा तडकला, पुन्हा माप. फौजी कुबड्यांवर येतात, काकी पिशवी सांभाळत मागून येतात. "पुढच्या महिन्यात बघू" ऐकून दोघं परत जातात. भांडाराचं दार उघडं असलं की मला सगळं दिसतं. गुडघा वाचलाय. जखम भरली. मी अंगावर नव्हतो म्हणून भरली, हे ऐकून मला बरंही वाटलं आणि जिव्हारीही लागलं. पण आता कुबड्यांनी त्यांच्या काखा सोलवटल्यात. सदऱ्यावर डाग दिसतो. कुणाला सांगितलं असेल? नाव सोडा!

म्हणून तुम्हाला हात जोडतो, म्हणजे जोडले असते. तुमच्या घरात, शेजारी असा एखादा ताठ माणूस असेल, तर त्याला "काही त्रास नाही ना?" असं विचारून मोकळे होऊ नका. त्याचं उत्तर भरतीच्या दिवशीच ठरलंय. त्याचा मोजा बघा. सदऱ्याची काख बघा. आणि एखाद्या सरकारी खिडकीच्या आत बसलेले असाल, तर मान वर करून त्याच्याकडे बघा.

आज सकाळी दोघं पुन्हा आले. साचेवाला रजेवर. कारकुनाने मान वर न करता नेहमीसारखं विचारलं, "बाकी काय काका, काही तक्रार नाही ना?"

मी फळीवर डोळे मिटून घेतले. पुढचं मला पाठ होतं. पण कुबडी फरशीवर टेकल्याचा आवाज आला, मग काकींच्या बांगड्यांचा.

"आहे," फौजी म्हणाले.

कारकुनाने मान वर केली. "काय?"

"तक्रार आहे. दोन खुर्च्या द्या आधी. सांगायला वेळ लागणार आहे."